दोघांचा मोटारसायकल प्रवास, एक तंबू आणि नेब्रास्काची दुपार

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमचे पती अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, ओमाहात राहता, त्यांच्याकडे रॉयल एन्फिल्डची ६५० सीसीची इंटरसेप्टर आहे, आणि जूनच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नेब्रास्का ओलांडून साउथ डकोटातील बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन पाच दिवसांत परत यायचे, रात्री तंबूत काढायच्या, असा तुमचा बेत आहे. रस्ते सरळ आणि मोकळे असल्यामुळे दिवसाला चारशे मैल सहज होतील असे त्यांचे म्हणणे आहे. तुम्हाला मात्र मागच्या सीटवर बसून ते जमेल का, अशी शंका आहे. कोणता तंबू घ्यावा, सामान किती न्यावे आणि या उन्हात हेल्मेट खरोखर लागते का, हे तुम्ही शेवटी विचारले आहे.

मी नेब्रास्कातच, लिंकन शहरात राहते. गेली बारा वर्षे आम्ही दोघे या मैदानांवर दर उन्हाळ्यात निदान एकदा मोटारसायकल आणि तंबू घेऊन जातो. त्यांतली पहिली सहा वर्षे मी केवळ मागे बसत होते. नंतर परवाना काढला आणि आता एकाच गाडीवर आळीपाळीने चालवतो. त्यामुळे तुमची शंका मला मागच्या सीटवरूनही कळते आणि पुढच्या सीटवरूनही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तंबूचा नाही आणि मैलांचाही नाही. या प्रदेशात उन्हाळ्याची दुपार आणि रात्र उघड्यावर कशी काढायची, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकदा ठरले की दिवसाला किती मैल जायचे, कुठे थांबायचे आणि काय न्यायचे, हे बरेचसे त्यातूनच निघते.

म्हणून हवामानापासून सुरुवात करते. आपल्याकडचा वळीव तुम्हाला आठवत असेल. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी कुंद उकाडा, चारच्या सुमारास एका बाजूने काळे ढग चढतात आणि धुळीचा लोट येऊन मग टपोरे थेंब पडू लागतात. मैदानांवरचे वादळ त्याच जातीचे असते, पण आकाराने आणि ताकदीने कितीतरी मोठे. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकत असते आणि तिच्यावरून रॉकी पर्वताकडची कोरडी हवा वाहत असते. दिवसभराच्या उन्हाने खालची हवा तापून वर उसळली की तासाभरात चाळीस-पन्नास हजार फूट उंचीचे ढग उभे राहतात. २०१० च्या जुलैत साउथ डकोटातील व्हिव्हियन या गावी पडलेली गार आठ इंच व्यासाची आणि जवळजवळ दोन पाउंड वजनाची होती, आणि अमेरिकेतील सर्वांत मोठी गार म्हणून तिचीच नोंद आहे. तशी गार तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता नगण्य आहे. पण एक इंचाची गार इथे सर्वसाधारण गोष्ट आहे आणि साठ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या बोटांना तेवढी पुरते.

यात एक बारकावा आहे आणि तो मला तीन-चार वर्षांनी उमगला. ही वादळे बहुधा पश्चिमेकडच्या उंच भागांत, म्हणजे रॉकीच्या पायथ्याशी आणि साउथ डकोटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक हिल्स या डोंगरांवर, दुपारी जन्माला येतात आणि मग पूर्वेकडे सरकत जातात. त्यामुळे अलायन्स, शॅड्रन, बॅडलँड्स या पश्चिम पट्ट्यात धोक्याची वेळ साधारण दुपारी तीन ते रात्री आठ अशी असते. त्यांतली काही वादळे एकमेकांत मिसळून रात्रभर प्रवास करतात आणि नेब्रास्काच्या मध्य व पूर्व भागात मध्यरात्रीनंतर पोहोचतात. म्हणजे पश्चिमेत तुम्हाला दुपार सांभाळायची आहे आणि पूर्वेत रात्र. आमच्या दुसऱ्याच वर्षी एका छोट्या गावाच्या बागेत आम्ही स्वच्छ चांदण्यात झोपलो होतो. रात्री दोनला गावाचा वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि आम्ही तंबूतून बाहेर पडून विटांच्या शौचालयापर्यंत पोहोचेतो तंबू कुंपणाला जाऊन अडकला होता. तो तंबू चांगला होता, खुंट्याही नीट ठोकलेल्या होत्या. पण सत्तर मैलांच्या वाऱ्यापुढे टिकणारा तंबू मोटारसायकलवर नेता येत नाही, हे त्या रात्री कायमचे कळले.

तेव्हापासून आमचा पहिला नियम असा आहे की मुक्कामाची जागा निवडताना तंबू कुठे लागेल हे नंतर पाहायचे आणि पळत दोन मिनिटांत गाठता येईल अशी पक्की इमारत कुठे आहे हे आधी पाहायचे. राज्य उद्यानांतील स्नानगृहाची इमारत बहुधा काँक्रीटची किंवा विटांची असते आणि ती रात्रभर उघडी असते. तरी ती खरोखर उघडी आहे ना, हे संध्याकाळी स्वतः जाऊन पाहावे. दुसरा नियम असा की दुपारी दोनच्या सुमारास प्रवास थांबवायचा आणि तीनपर्यंत तंबू उभा करायचा. तिसरा नियम विजेबाबत आहे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ सहा मैलांच्या आत आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत आसरा सोडायचा नाही. मोटारसायकल आणि तंबू यांपैकी कशातच विजेपासून संरक्षण मिळत नाही, आणि जिथे मैलभरात एकही झाड नाही तिथे सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. पुलाखाली थांबणे सुरक्षित वाटते, पण जोरदार वाऱ्यात किंवा टोर्नेडोत तीच जागा सर्वांत वाईट ठरते, कारण पुलाच्या अरुंद पोकळीत वारा आणि उडणारे सामान दोन्ही कोंडले जातात.

फोनवर येणाऱ्या सूचनांत 'वॉच' आणि 'वॉर्निंग' या दोन शब्दांतला फरक पाठ असू द्या. 'वॉच' म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, काही तासांत घडू शकते. त्या वेळी आम्ही पुढचे गाव गाठतो आणि कॅफेत बसतो. 'वॉर्निंग' म्हणजे घडते आहे किंवा घडण्याच्या बेतात आहे. त्या वेळी जिथे छप्पर मिळेल तिथे जायचे, निर्णयावर चर्चा करायची नाही. सँडहिल्सच्या, म्हणजे नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांच्या, मोठ्या भागात फोनला सिग्नल मिळत नाही, म्हणून आम्ही मूठभर आकाराचा हवामान रेडिओ बाळगतो. तो वीस-तीस डॉलरना मिळतो, आणि आमच्या सामानात पैशांच्या मानाने सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू तीच आहे.

आता मैलांचा हिशेब करू. जूनअखेरीस नेब्रास्काच्या मध्यभागी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हरणे रस्त्यावर असतात, म्हणून आम्ही उजाडल्यावर अर्ध्या तासाने निघतो. साडेसहा ते दोन हे साडेसात तास झाले. रस्त्यावर वेग साठचा असला तरी दर तासा-सव्वातासाला पंधरा मिनिटे उतरणे, पेट्रोल, न्याहारी, छायाचित्रे आणि एखादे रस्तादुरुस्तीचे काम धरले तर आमची सरासरी बारा वर्षांत ताशी चाळीस मैलांच्या वर गेलेली नाही. म्हणजे तीनशे मैल ही कमाल मर्यादा झाली, आणि रोज कमाल मर्यादेला टेकणारा बेत दुसऱ्याच दिवशी मोडतो. दोघांसाठी दिवसाला दोनशे ते अडीचशे मैल हे माझे उत्तर आहे. तुमचे पती म्हणतात ते चारशे मैल अशक्य नाहीत. एकट्याने, महामार्गाने, मोटेलमध्ये उतरणार असाल तर ते जमतात. पण चारशे मैल म्हणजे संध्याकाळचे पाच-साडेपाच, नेमकी वादळाची वेळ, आणि दमलेल्या हातांनी वाऱ्यात तंबू लावणे.

हे सर्व जूनसाठी आहे. महिन्याचा तुमचा प्रश्न परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण मुलांच्या शाळा आणि नोकरीच्या रजा मला ठाऊक नाहीत. पूर्ण मोकळीक असेल तर मी सप्टेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा निवडेन. तेव्हा वादळे बरीच ओसरलेली असतात, गवत तांबूस झालेले असते आणि रात्री गारवा असतो. तुम्ही दिलेल्या दोन पर्यायांत जूनचा शेवट बरा. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्लॅक हिल्समध्ये स्टर्जिसचा मोटारसायकल मेळा भरतो. तो १९३८ पासून चालू आहे आणि त्या दिवसांत लाखो स्वार त्या भागात येतात. तो पाहायचाच असेल तर गोष्ट वेगळी. पण वादळ आले तर ऐनवेळी मोटेलची खोली मिळेल, हा आपला शेवटचा आधार त्या आठवड्यात राहत नाही.

रस्त्याबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. ओमाहाहून पश्चिमेला जाणारा आंतरराज्य ८० क्रमांकाचा महामार्ग ७५ मैलांच्या मर्यादेचा आहे आणि त्यावर मालट्रकांची रीघ असते. दक्षिणेचा वारा आडवा लागत असताना ट्रक शेजारून गेला की वारा क्षणभर तुटतो आणि पुन्हा आदळतो. दोघे बसलेली, मागे सामान लादलेली गाडी त्या वेळी हातभर सरकते. त्याऐवजी ९२ क्रमांकाच्या रस्त्याने वाहू, सेंट पॉल, लूप सिटी करत ब्रोकन बोला जावे. हे अंतर दोनशे ते सव्वादोनशे मैल आहे आणि पहिल्या दिवसासाठी तेवढे पुरे. तिथून पुढे २ क्रमांकाचा रस्ता धरला की अन्सेल्मो आणि डनिंग या गावांच्या दरम्यान तुम्ही शंभरावे पश्चिम रेखावृत्त ओलांडता. तिथे पाटी असो वा नसो, फरक डोळ्यांना दिसतो. मक्याची शेते मागे पडतात आणि गवताने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात. या सँडहिल्स जवळजवळ वीस हजार चौरस मैलांत पसरलेल्या आहेत. त्यांतली एकटी चेरी काउंटी आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे, आणि तिथे माणसे राहतात साडेपाच हजारांच्या आसपास. ही तुलना मी मुद्दाम करते आहे, कारण 'पुढच्या गावात बघू' हे आपल्या अंगात मुरलेले वाक्य इथे उपयोगी पडत नाही.

हाल्सी गावाजवळचे बेसी हे वनक्षेत्र दुसऱ्या मुक्कामासाठी मला फार आवडते. ब्रोकन बोपासून ते जेमतेम पंचावन्न मैल आहे, म्हणजे दुसरा दिवस जवळजवळ विश्रांतीचा होतो, आणि माझ्या अनुभवात दुसऱ्या दिवशीच अंग सर्वाधिक दुखते. तिथले जंगल माणसांनी हाताने लावलेले आहे. चार्ल्स बेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९०२ मध्ये या उघड्या टेकड्यांवर रोपवाटिका सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. २०२२ च्या वणव्यात काही भाग जळाला, तरी त्या सबंध रस्त्यावर झाडांचा आडोसा मिळणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही. मात्र कॉटनवुडच्या मोठ्या झाडाखाली तंबू लावू नका; त्याच्या फांद्या वाऱ्यात फार सहज तुटतात.

हाल्सीहून अलायन्सपर्यंत सुमारे एकशे चाळीस मैल आणि तिथून शॅड्रनजवळच्या राज्य उद्यानापर्यंत आणखी पन्नासेक मैल, हा तिसरा दिवस. शेजारच्या रुळांवरून वायोमिंगच्या कोळशाच्या मैलभर लांब मालगाड्या जात असतात आणि बऱ्याचदा कित्येक मैलांत तेवढीच सोबत असते. मलेनच्या अलीकडे घड्याळ एक तास मागे जाते. 'आज एक तास जास्त मिळाला' म्हणून पुढे जाण्याचा मोह आम्हाला झालेला आहे. ढगांना मात्र ती सवलत ठाऊक नसते. हायॅनिसनंतर अलायन्सपर्यंत साठ मैलांत नावापुरत्या वस्त्या आहेत. त्यांतल्या अँटिओकमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात पोटॅश काढण्याचे कारखाने होते. त्यांचे काँक्रीटचे अवशेष रस्त्यावरूनच दिसतात आणि पाय मोकळे करायला ती जागा चांगली आहे.

तुमच्या गाडीची टाकी १३.७ लिटरची, म्हणजे साडेतीन गॅलनहून थोडी अधिक आहे. एकट्याने शांतपणे चालवल्यास दोनशे मैलांची अपेक्षा ठेवता येईल, पण दोघे, सामान आणि समोरचा वारा असे एकत्र आले की आमच्या तेवढ्याच आकाराच्या गाडीचा पल्ला दीडशेपर्यंत खाली आलेला आहे. म्हणून ऐंशी मैल झाले आणि पंप दिसला की भरायचे, असा आमचा प्रघात आहे. पंपावर स्टिकर वाचा. नेब्रास्का मक्याचे राज्य असल्यामुळे १५, ३० आणि ८५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल जागोजागी मिळते आणि ते स्वस्त असते. १५ टक्क्यांचे पेट्रोलही मोटारसायकलसाठी मान्य नाही. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेनचे पेट्रोल विकले जाते, तिथे एक पायरी वरचे घ्यावे.

सामानाचा निर्णय आवडीनिवडीवर सोडू नका; कागदावर बेरीज करा. गाडीच्या सांगाड्यावरील पट्टीवर कमाल एकूण वजन लिहिलेले असते. समजा ते ८८० पाउंड आहे आणि टाकी भरलेली गाडी ४८० पाउंडांची आहे. उरले चारशे. हेल्मेट, जाकीट आणि बुटांसह तुमचे पती १९५ आणि तुम्ही १६५ धरले तर चाळीस पाउंड राहतात, म्हणजे जेमतेम अठरा किलो. ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा यांतच पंचवीस-तीस पाउंड संपतात, म्हणून मी तुम्हाला कापडी पिशव्या सुचवेन. त्यानंतर तंबू पाच, दोन झोपपिशव्या सहा, दोन गाद्या चार, शेगडी आणि भांडे तीन, कपडे आठ, हत्यारे आणि ट्यूब सहा, पावसाळी कपडे चार आणि एक गॅलन पाणी आठ पाउंड, अशी बेरीज केली की चव्वेचाळीस होतात आणि पिशव्यांचे वजन अजून धरलेलेच नाही. म्हणजे कपड्यांचे दोनच जोड न्यायचे आणि पाण्याची मोठी पिशवी मुक्कामाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात भरायची. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पायांजवळच्या पिशव्यांत ठेवा. मागच्या दिव्याच्या पलीकडे लटकणारे वजन पुढचे चाक हलके करते आणि वाऱ्यात हँडल थरथरू लागते. मागच्या स्प्रिंगचा ताण आणि टायरची हवा पुस्तिकेत दोघांसाठी सांगितल्याप्रमाणे घरीच ठरवून घ्या. चाके तारांची असतील तर आत ट्यूब असते. मग पंक्चर काढायचे साहित्य नुसते नेऊ नका, एकदा अंगणात चाक काढून पाहा.

तंबूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोघांसाठीचा, बुटका, घुमटाकार, सर्व बाजूंनी दोर ताणता येणारा कोणताही नामांकित तंबू चालेल. उंच, उभे राहता येईल असा तंबू इथे शीड होतो. सँडहिल्समध्ये वाळूमुळे लहान खुंट्या उपटून येतात, म्हणून नऊ-दहा इंचांच्या रुंद खुंट्या वेगळ्या घ्या. आणि तंबू अंथरण्यापूर्वी जमीन हाताने चाचपून पाहा. आपल्याकडच्या माळावर अनवाणी पायांत घुसणारा सराटा, म्हणजे गोखरू, तुम्हाला इथे भेटेल. तीच वनस्पती आहे, फक्त इथे तिला बकरीच्या डोक्यावरून नाव पडले आहे. हवेची गादी रात्री दोनला बसते तेव्हा कारण बहुधा तोच असतो.

खाण्याच्या बाबतीत आम्ही दोन गोष्टी शिकलो. वाऱ्यामुळे शेगडीला दुप्पट इंधन लागते, आणि छोट्या गावांतली दुकाने संध्याकाळी लवकर बंद होतात. म्हणून पाच मिनिटांत शिजणारे पदार्थ न्यावेत. भाजलेल्या रव्यात घरीच फोडणी घालून केलेला उपम्याचा कोरडा मसाला, पातळ पोहे, पिठल्यासाठी तिखट-मीठ कालवलेले बेसन आणि गूळ-शेंगदाणे एवढ्यावर आमचे चार दिवस निघतात. वाळलेल्या गवतामुळे पुष्कळदा आग पेटवण्यावर बंदी असते. ती असेल तेव्हा शेगडी चालते का, हे फाटकावरच विचारावे.

पाणी मात्र हयगय करण्यासारखे नाही. शंभराव्या रेखावृत्ताच्या पलीकडे हवा इतकी कोरडी असते की घाम येतो हेच कळत नाही, आणि मागे बसलेल्याला तर काही काम नसल्यामुळे तहान लागल्याचेही भान राहत नाही. पहिल्या वर्षी मला दुपारी चिडचिड होऊन डोके दुखत असे आणि आम्ही त्याचे खापर एकमेकांवर फोडत होतो. कारण पाणी होते. आता दर थांब्याला दोघांनी अर्धी बाटली संपवल्याशिवाय हेल्मेट घालायचे नाही असे ठरलेले आहे.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर सांगते. १ जानेवारी २०२४ पासून नेब्रास्कात एकवीस वर्षांवरील आणि सुरक्षा प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला ते सक्तीचे नाही, आणि साउथ डकोटात ते केवळ अठरा वर्षांखालील व्यक्तींना सक्तीचे आहे. हेल्मेटबद्दल कायदा एवढेच सांगतो. मी दोन्ही राज्यांत, सर्व उन्हांत, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालते. अपघाताचे कारण तर आहेच, पण रोजचे कारण असे की साठ मैलांच्या वेगाने येणारा टोळ, वाळू, कोरडा वारा आणि गारेचा पहिला मारा हे सर्व तेच अडवते. उकाड्यासाठी निघताना आतला सुती सदरा ओला करून घ्यावा. कोरड्या हवेत तासभर गारवा मिळतो.

आता मागच्या सीटबद्दल, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. चालवणाऱ्याला वारा छातीवर एकसारखा लागतो. मागच्याला तो त्याच्या खांद्यांवरून भोवरे खात येऊन हेल्मेटवर आदळतो. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसतो, मागच्याला तो कळतो. म्हणून तेवढेच मैल मागे बसणाऱ्याला अधिक थकवतात, आणि हे चालवणाऱ्याला अनुभवाने कळण्याची सोय नसते. आम्ही ठरवले की जो आधी 'थांबू' म्हणेल त्याच्या म्हणण्यानुसार पुढच्या सुरक्षित जागी थांबायचे आणि कारण विचारायचे नाही. बोलण्याची यंत्रे हेल्मेटमध्ये असतील तर उत्तम, नसतील तर डाव्या खांद्यावर दोन थापा पुरतात. दुसरे म्हणजे मागच्या व्यक्तीकडे कामे द्यावीत. हवामान पाहणे, पश्चिमेच्या आकाशावर नजर ठेवणे, मैलाचे दगड लक्षात ठेवणे (मदत मागवायची वेळ आली तर रस्त्याचा क्रमांक आणि मैलाचा आकडा हाच पत्ता असतो) आणि दुपारी दोनला 'आता पुरे' म्हणणे, ही सर्व माझी कामे होती. त्यातल्या शेवटच्या कामावरून आमची भांडणे झाली आहेत. तरी मी ते काम सोडलेले नाही, आणि आता मी पुढे असते तेव्हा तेच काम माझा नवरा करतो.

बॅडलँड्सबद्दल थोडेसे. शॅड्रनहून ते पाइन रिज या लाकोटा आदिवासींच्या राखीव प्रदेशातून सुमारे सव्वाशे मैलांवर आहे. तिथे वुंडेड नी हे १८९० च्या हत्याकांडाचे ठिकाण आहे; थांबलात तर ते सहलीचे स्थळ नसून दफनभूमी आहे हे ध्यानात ठेवून थांबावे, आणि लोकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. राष्ट्रीय उद्यानात तंबूसाठी दोन जागा आहेत. सीडर पास येथे पाणी आणि पक्क्या इमारती आहेत. सेज क्रीक फुकट आहे, तिथे पाणी नाही आणि बायसन तंबूंमधून चालत जातात. त्यांच्यापासून शंभर यार्ड दूर राहावे, म्हणजे तो जवळ आला तर आपणच उठून जावे. अनेक जण तुम्हाला सेज क्रीकच सुचवतील आणि रात्रीच्या आकाशासाठी त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तिथला रस्ता खडी-मातीचा आहे, आणि इथली चिकणमाती भिजली की मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी चाकाला थापत जाते; चिखलसंरक्षक आणि टायर यांच्यात ती भरली की चाक फिरेनासे होते. पहिल्याच प्रवासात, दोघांनी एका गाडीवर, मी सीडर पासच निवडेन आणि सेज क्रीकला कोरड्या दिवशी सकाळी चक्कर मारून येईन.

हे सर्व जुळवले तर पाच दिवसांचा बेत सात दिवसांचा होतो. ब्रोकन बो, हाल्सी, शॅड्रन, मग बॅडलँड्समध्ये दोन रात्री, आणि परतताना व्हॅलेंटाइनमार्गे एक मुक्काम करून ओमाहा. एकूण अंतर हजार मैलांच्या थोडे वर जाते. व्हॅलेंटाइनहून ओमाहा तीनशे मैल आहे आणि माझ्याच नियमात ते बसत नाही, पण त्या रात्री तंबू लावायचा नसून घरी झोपायचे असते, म्हणून ती सूट मी घेते. पाचच दिवस मिळणार असतील तर बॅडलँड्स सोडून द्यावे आणि हाल्सी-शॅड्रन करून परतावे. जाण्या-येण्यातच सर्व दिवस घालवून बॅडलँड्सला केवळ शिवून येण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन रात्रींचे मोटेलचे पैसे मात्र वेगळे काढून ठेवा आणि ते खर्च झाले तर बेत फसला असे समजू नका.

निघण्यापूर्वी एक शनिवार-रविवार घराजवळ सराव करा. ओमाहाच्या पश्चिमेला प्लॅट नदीकाठी टू रिव्हर्स या तंबू लावता येणाऱ्या ठिकाणी जा, सर्व सामान लादून, शक्यतो वारा असलेल्या दिवशी. तंबू लावा, स्वयंपाक करा, झोपा आणि सकाळी उठल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. आम्हाला पहिल्या वेळी दोन तास दहा मिनिटे लागली होती आणि निघाल्यावर कळले की खुंट्या जमिनीतच राहिल्या आहेत.